खेडच्या वाटेवरील अमेरिकन मालमोटारी

पोलादपूर मागें टाकून दक्षिणेकडे निघालें कीं कशेडीचा घाट लागतो. घाट ओलांडल्यावर खेड तालुक्याची भूमि सुरू होते आणि भरणें येथें मुंबई-गोवें रस्ता सोडून पश्चिमेस वळलें म्हणजे जगबुडीच्या कांठीं वसलेलें खेड गांव दिसूं लागतें. आज या घाटाच्या पोटांतून बोगदा झाला आहे आणि खेडला रेल्वेचें स्थानकही आहे. परंतु रूळ येथवर पोंचले ते १९९० नंतरच्या दशकांत. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ सालीं. त्यापूर्वीं मुंबईस जावयाचें तर एक वाट पाण्याची होती. खाडीनें दाभोळ गांठावें आणि तेथून आगबोटींत बसावें. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे ही वाट बंद होई आणि उरे तो घाटाचा रस्ता. या रस्त्यावर बैलगाडीच्या जोडीला मोटार आली, ही खेडच्या अर्वाचीन इतिहासांतील मोठी घटना होय. आणि ती मोटार, विशेषतः मालाची मोटार, बहुधा नांवानें अमेरिकन असे.

फोर्ड, शेव्हरलेट, डॉज, फार्गो, स्टुडबेकर हीं नांवें एके काळीं कोंकणांतल्या लहान मुलांनाही पाठ होतीं. गाड्या गेल्या, नांवें राहिलीं. आतां एखाद्या घरच्या पेटींत पिंवळें पडलेलें छायाचित्र सांपडतें. त्यांत आजोबा मडगार्डावर हात ठेवून ऐटींत उभे असतात आणि मागें गाडीचें तोंड तेवढें दिसतें. एखाद्या गांवाबाहेर करवंदीच्या जाळींत गंजलेला सांगाडा पडलेला असतो. ही गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, असें विचारलें तर घरांत तीन माणसें तीन उत्तरें देतात, आणि तिघांचाही आपल्या उत्तरावर सारखाच विश्वास असतो.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींच्या करमणुकीचा आहे असें कोणी म्हणेल. पण तसें नाहीं. १ जून १९४८ रोजीं मुंबई सरकारच्या राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यानंतर उतारू वाहतुकीचे मार्ग खाजगी मालकांच्या हातून क्रमाक्रमानें सरकारी संस्थेकडे गेले. ज्या घराण्यानें १९३५ सालीं उतारूंसाठीं लॉरी घेतली, त्यानें रस्त्याच्या भरभराटीचा काळ पाहिला. ज्यानें १९४८ सालीं कर्ज काढून नवी गाडी घेतली, त्याच्या हातांत ती येते न येते तोंच तिचा मार्ग जाण्याची वेळ आली. दोन्ही घरांतील छायाचित्रांखालीं ‘आजोबांची जुनी मोटार’ एवढेंच लिहिलेलें असतें. एका घराच्या उत्कर्षाची आणि दुसऱ्याच्या अपकर्षाची ही गोष्ट कोणती, हें गाडीच्या तोंडावरच्या लोखंडी पट्ट्या मोजून कळूं शकतें. मग त्या मोजावयास नकोत काय?

प्रथम ‘अमेरिकन’ या शब्दाचाच झाडा घेतला पाहिजे. अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात आणि सुकाणूचें चाक डाव्या हाताला असतें; हिंदुस्थानांत सर्व उलट. तेव्हां येथें उपयोगी पडणारी गाडी मुळांत उजव्या सुकाणूची असावी लागे. फोर्डच्या बाबतींत ग्रेट ब्रिटन व आयर्लंड वगळून उरलेल्या ब्रिटिश साम्राज्यांतील व्यापाराचा हक्क डेट्रॉइटकडे नसून कॅनडांतील फोर्ड कंपनीकडे होता. तिचा कारखाना ऑन्टॅरिओ प्रांतांत विंडसर येथें, म्हणजे डेट्रॉइटच्या समोर नदीपलीकडे होता. शेव्हरलेटचे उजव्या सुकाणूचे पुष्कळ सांगाडे त्याच प्रांतांतील ओशावा येथून येत. म्हणजे ज्या गाडीला कोंकणांत अमेरिकन म्हणून मान मिळाला, ती पुष्कळदां कॅनडाची नागरिक असे.

तीही सबंध येत नसे. फोर्डनें १९२६ सालीं आपली हिंदुस्थानांतील कंपनी स्थापिली व मुंबई, कलकत्ता, मद्रास येथें जुळणी चालविली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना घातला. पेट्यांतून सुटे भाग येत, ते येथें जोडून गाडी उभी राही. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना रत्नागिरी जिल्ह्यानें पिढ्यान्‌पिढ्या माणसें पुरविलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. घाट चढून खेडला आलेल्या ‘विलायती’ गाडीचे बोल्ट आवळणारा हात खेडचाच नसेल, असें छातीठोकपणें कोणीं सांगावें?

गाडी जोडली जाई, तीही पुरी नव्हे. शिवडीच्या दारांतून बाहेर पडे तो सांगाडा, चार-सहा चाकें, यंत्र, बॉनेट आणि चालकापुढची पत्र्याची भिंत, एवढाच ऐवज. त्यावर लांकडी केबिन, हौदा, फाळके, उतारूंची बांकें हें सर्व सुतारलोहारांचें काम. म्हणून परीक्षकानें पहिला नियम हा पाळावा कीं, गाडीच्या अंगाकडे पाहूं नये. तिचें तोंड पाहावें. केबिनचा आकार, दरवाजे, पुढची कांच यांवरून अमेरिकेंतील पुस्तकें साल ठरवितात. उदाहरणार्थ, शेव्हरलेटच्या मालगाडीची पुढची कांच १९३९ पासून मधोमध दुभागून कोन केलेली असे. पण ही खूण कारखान्याच्या केबिनची. सुतारानें बसविलेली सपाट कांच पाहून गाडी १९३९ च्या पूर्वींची ठरविणारा हमखास फसतो.

तोंड मात्र सहसा बदलत नसे, आणि तेंच साल सांगतें. शेव्हरलेटचें उदाहरण घ्यावें. १९४० पर्यंत या कंपनीच्या मालगाडीचे पुढचे दिवे बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, मडगार्डांपासून सुटे उभे असत. १९४१ सालीं ते मडगार्डांवर जाऊन बसले, आणि जाळीचे दोन मजले झाले : वरच्या मजल्यांत आडव्या पट्ट्या, खालच्यांत जाड उभ्या पट्ट्या. महायुद्धामुळें हा चेहरा १९४७ पर्यंत टिकला. जून १९४७ मध्यें सर्वस्वीं नवा नमुना निघाला. त्याचें तोंड रुंद, मडगार्डें फुगीर, आणि जाळींत पांच आडव्या पट्ट्या. १९५४ सालीं त्या पट्ट्या जाऊन एक जाड आडवा दांडा आला. तेव्हां छायाचित्रांत पांच आडव्या पट्ट्या असतील, तर तें चित्र १९४७ च्या मध्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं. मग त्यामागें कोणी कांहींही साल लिहिलेलें असो.

परंतु येथें एक सापळा आहे. फोर्डनें १९४८ च्या आरंभीं आपली ‘एफ’ मालिका काढली, आणि १९५० पर्यंत तिच्या तोंडावरही पांचच आडव्या पट्ट्या होत्या! अस्पष्ट छायाचित्रांत दोघी जुळ्या बहिणी वाटतात. फरक दिव्यांच्या जागेंत आहे. फोर्डमध्यें पट्ट्या एका खोलगट चौकटींत बसविलेल्या असून दोन्ही दिवे त्याच चौकटींत, पट्ट्यांच्या टोकांशीं असतात. शेव्हरलेटच्या पट्ट्या पुढें आलेल्या असतात आणि दिवे त्यांच्यापासून दूर, मडगार्डांच्या फुगवट्यांत असतात. १९५१ सालीं फोर्डनेंही चेहरा बदलला, त्यामुळें तिची तीन वर्षें नेमकीं सांगतां येतात.

दुसरा सापळा बेडफर्डचा. राज्य परिवहनाची पहिली बस बेडफर्ड होती. ही गाडी इंग्लंडांत ल्यूटन येथें होई, पण तिचा मालक अमेरिकेंतला जनरल मोटर्सच. १९३१ सालीं बेडफर्डचा जन्म झाला तो शेव्हरलेटच्याच कुशींतून. त्यामुळें यंत्र पाहिलें तरी घराण्याचें साम्य जाणवतें. राज्य परिवहनाच्या आरंभींच्या ताफ्यांत शेव्हरलेट, फोर्ड, स्टुडबेकर यांच्या बरोबरीनें बेडफर्ड, सेडन, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशीं नांवें होतीं. जुन्या स्थानकाच्या छायाचित्रांतील प्रत्येक नाकाडी बस अमेरिकन समजण्याची जी रीत पडली आहे, ती सोडली पाहिजे.

गाडी प्रत्यक्ष समोर असेल तर बॉनेट उघडावें. १९३० ते १९५० या काळांतील तीन मोठ्या अमेरिकन घराण्यांचीं यंत्रें इतकीं भिन्न आहेत कीं, नांवाची पाटी निखळली असली तरी कांहीं बिघडत नाहीं. फोर्डनें १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें यंत्र काढलें. त्यांतील चार-चार सिलिंडर दोन रांगांत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे तिरपे असतात. प्रत्येक रांगेला पाण्याचा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र नळी. त्यामुळें रेडिएटरच्या माथ्याला दोन रबरी नळ्या जोडलेल्या दिसल्या कीं फोर्ड म्हणावें. शेव्हरलेटचे सिलिंडर १९२९ पासून सहा, एका ओळींत, आणि झडपा डोक्यावर. त्या झांकण्यासाठीं यंत्राच्या माथ्यावर पत्र्याचें लांबट झांकण असतें. डॉजचेही सहा सिलिंडर एका ओळींतच. पण झडपा बाजूला. त्यामुळें माथा सपाट, झांकण नाहीं, आणि ठिणगीचे प्लग वरच्या सपाट पाटावर ओळीनें उभे. हे तीन नकाशे डोक्यांत ठेवले कीं रात्रीं कंदिलाच्या उजेडांतही घराणें ओळखतां येतें.

फोर्डची आणखी एक खोड उपयोगाची आहे. आपलें नांव बारीकसारीक भागांवरही ओतून ठेवण्याची त्या कंपनीला संवय होती. युद्धाच्या अखेरीनंतरच्या आठ सिलिंडरी यंत्राच्या मागील घंटेसारख्या भागावर ‘५९ ए’ अशीं उठावाचीं अक्षरें सांपडतात. कॅनडांत ओतलेलें असेल तर आधीं ‘सी’ हें अक्षर असतें. एका अक्षरानें गाडीचें जन्मस्थान नदीच्या या तीरावरचें कीं त्या तीरावरचें, हें कळतें.

याहून जुन्या गाडीची, म्हणजे फोर्डच्या प्रख्यात ‘टी’ नमुन्याची गोष्ट वेगळी. १९०८ ते १९२७ या काळांत तो दीड कोटींच्या वर निघाला. १९१७ मध्यें त्याचाच एक टनी मालवाहू भाऊ ‘टीटी’ या नांवानें आला. त्याचीं लक्षणें विसरतां येण्याजोगीं नाहींत. पायाशीं तीन पावट्या, पण त्यांतील एक उलट चालण्याची. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीं, आणि तेथून पेट्रोल यंत्राकडे जाई तें केवळ उतारानें, पंप नाहीं. सपाटीवर याचें कांहीं वाटत नसे. पण उभा चढ आला आणि टाकींत पेट्रोल थोडें असलें, तर यंत्र टाकीच्या वर जाई आणि पेट्रोल तेथवर पोंचेनासें होई. मग चालक गाडी फिरवी आणि घाट उलटा, पाठीकडून चढे! उलट गतीचा गिअर सर्वांत बळकट असल्यामुळें तें सोयीचेंही पडे. ज्या देशांत डोंगर होते त्या सर्व देशांत ‘टी’च्या चालकांनीं ही युक्ति वापरली. कशेडीसारखा चढ पाहिला म्हणजे तिची आवश्यकता वेगळी सांगावी लागत नाहीं. ‘टी’ नसून तिच्यानंतरची फोर्ड असेल, तर पुढच्या आसाकडे वांकून पाहावें. १९३० नंतरच्या दशकांतही फोर्डच्या पुढल्या आसावर पाट्यांची एकच कमान आडवी, या चाकापासून त्या चाकापर्यंत असे. शेव्हरलेटला दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र कमानी असत.

आतां युद्धकाळाकडे वळावें. कारण खरा गोंधळ तेथें आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत सैन्याजवळ उरलेल्या गाड्या मोठ्या संख्येनें विक्रीस निघाल्या. नवी गाडी मिळणें दुर्घट, तेव्हां अनेक व्यापाऱ्यांनीं लष्करी गाडी घेऊन तिला मुलकी वेष चढविला. त्यांत कॅनडाच्या लष्करी गाड्यांचा भरणा होता. त्या देशानें युद्धांत आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनें निर्माण केलीं. त्यांतील ठराविक लष्करी नमुन्याचे ट्रक फोर्ड आणि शेव्हरलेट या दोन स्पर्धकांनीं सरकारी आराखड्याप्रमाणें जवळजवळ सारखेच बनविले. जहाजांत जागा कमी लागावी म्हणून त्यांचें नाक आखूड, चपटें, कुत्र्याच्या नाकासारखें बसकें. १९४२ पासूनच्या नमुन्यांत तर पुढची कांच उफराटी, म्हणजे वरचा कांठ पुढें आणि खालचा मागें अशी कललेली असे. विमानांतून पाहणाऱ्यास कांचेची चकाकी दिसूं नये, हा त्यांतील हेतु. शत्रूचें विमान कधींच न दिसलेल्या घाटांतूनही ही उफराटी कांच मग वर्षानुवर्षें हिंडली.

हे दोन भाऊ वेगळे कसे ओळखावे? केबिन एकच, मडगार्डें एकच, सुकाणू दोघांचेंही उजवीकडे. पुन्हां बॉनेटच उघडावें. आठ सिलिंडर व दोन नळ्या असतील तर फोर्ड. सहा सिलिंडर व डोक्यावर झांकण असेल तर शेव्हरलेट. युद्धांतील अस्सल अमेरिकन गाडी पाहिजे असेल तर जीएमसी कंपनीचा अडीच टनी ट्रक शोधावा. त्याला तीन आस, मागें जोडचाकें धरून एकूण दहा टायर, आणि सर्व आसांना यंत्राचा जोर. असे ट्रक युद्धांत साडेपांच लाखांहून अधिक निघाले. सुकाणू डावीकडे असणें ही त्याची उघड खूण. पण मिस्त्रींनीं कित्येक गाड्यांचीं सुकाणूं उजवीकडे आणलीं असल्यानें तेवढ्यावर विसंबूं नये.

शेवटचें कोडें क्रायस्लर घराण्याचें. १९२८ सालीं क्रायस्लरनें डॉज कंपनी विकत घेतली. डिसोटो आणि फार्गो हीं नांवेंही त्याच वर्षीं निघालीं. पुढें परदेशांत एकच ट्रक डॉज, फार्गो व डिसोटो अशा तीन नांवांनीं विकला जाऊं लागला. कारण साधें होतें. क्रायस्लरचे विक्रेते निरनिराळे, आणि प्रत्येकाला आपल्या दुकानांत स्वतःच्या नांवाचा ट्रक हवा. नांवाची पट्टी काय ती वेगळी, बाकी सांगाडा, यंत्र, आस सर्व तेंच. ‘फार्गो डॉजपेक्षां दणकट’ किंवा याच्या उलट, असे वाद घालणारीं माणसें अड्ड्याअड्ड्यावर होतीं. एकाच आईच्या पोरांना पाडलेलीं तीन नांवें ऐकून तीं भांडत होतीं, असेंच म्हणावें लागतें.

हें घराणें महाराष्ट्राच्या विशेष जवळचें आहे, कारण त्याचा हिंदी अवतार कुर्ल्यास झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं मोटारीचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला होता. फोर्डशीं त्यांचें बोलणें जमलें नाहीं, क्रायस्लरशीं जमलें. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ सालीं, देश स्वतंत्र होण्याच्या कांहीं महिने आधीं, कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें १९५३ च्या सुमारास सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, जे कारखानदार भाग येथेंच बनविण्याचा कार्यक्रम आंखतील त्यांनींच येथें राहावें. नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीं तेव्हां गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना बंद झाला. कुर्ल्याचा चालू राहिला.

येथें मात्र तोंडावरून साल ओळखण्याची जी रीत वर सांगितली ती निरुपयोगी ठरते. अमेरिकेंत दर दोन-चार वर्षांनीं चेहरा बदले. कुर्ल्यास तोच चेहरा अनेक वर्षें चाले. अमेरिकन पुस्तक उघडून कुर्ल्याच्या फार्गोचें साल ठरवावें तर ती आपल्या खऱ्या वयाहून कितीतरी म्हातारी ठरते. अशा वेळीं सांगाड्याच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक घासूनपुसून वाचावा आणि नोंदणीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावा. त्या पुस्तकांत कर्त्याचें नांव, बनावटीचें साल, सिलिंडरांची संख्या, सांगाड्याचा आणि यंत्राचा क्रमांक यांच्यासाठीं रकाने असत. पुष्कळ घरांतून गाडी मोडींत गेल्यावरही हें पुस्तक दस्तऐवजांच्या गांठोड्यांत राहून जातें. छायाचित्राइतकेंच, कित्येकदां अधिकही, तें बोलकें असतें.

त्यांतही सांगाड्याचा क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक निरनिराळें बोलूं लागले तर दचकूं नये. १९५४ सालीं टाटांचा मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक आला आणि पेट्रोल पिणाऱ्या अमेरिकन गाड्या मालकांच्या खिशाला जड वाटूं लागल्या. ज्यांना नवी गाडी परवडली नाहीं त्यांनीं जुन्या सांगाड्यांत पर्किन्ससारखें डिझेल यंत्र बसवून घेतलें. डॉज-फार्गोच्या कारखान्यांतील गाड्यांनाही पर्किन्सचें यंत्र लागूं लागलें. मग घाटांत ज्या गाडीच्या तोंडावर शेव्हरलेटची तिरपी पट्टी चमके, तिच्या पोटांत मूळ इंग्रजी कुळाचें यंत्र धडधडे, सांगाडा ओशावाचा असे, आणि फाळके जवळच्याच सुताराच्या हातचे सागवानी. अशा गाडीचें नांव विचारणाऱ्यास एक उत्तर देतां येत नाहीं. मुखवटा, यंत्र, सांगाडा आणि हौदा यांचीं चार उत्तरें वेगवेगळीं लिहून, प्रत्येकापुढें त्याचें साल मांडावें लागतें.